मन मोठे होते, ते दिसते कसे?

भोर तालुक्यात रायरेश्वराच्या पायथ्याला कारी नावाचे गाव आहे. कान्होजी जेध्यांचे हे गाव. 1659 साली अफजलखान स्वारीवर निघाला तेव्हा मावळातल्या देशमुखांना आदिलशाही फर्माने आली. खानाला येऊन मिळा, नाहीतर वतन जाईल, असा त्यांचा मतलब होता. कान्होजी आपले फर्मान आणि पाच मुले घेऊन राजगडावर गेले. शेजारचे खंडोजी खोपडे, उत्रौलीचे, खानाच्या बाजूला गेले होते. तुम्हीही जा आणि वतन राखा, असे महाराजांनी कान्होजींना सांगून पाहिले. कान्होजींनी शहाजीराजांना दिलेल्या शब्दाची आठवण दिली आणि वतनावर पाणी सोडले. जेध्यांच्या करिन्यात हा प्रसंग आला आहे, आणि भोर-वेल्ह्यातच काय, महाराष्ट्रात कुठेही तो ऐकला नाही असा माणूस विरळाच.

आता या परिचित प्रसंगाकडे थोडे वेगळ्या बाजूने पाहू. एका खोऱ्यातले दोन देशमुख, दोघांपुढे प्रश्न एकच, उत्तरे मात्र उलट. कान्होजींनी काय केले ते करिना सांगतो. त्यांच्या मनात काय चालले होते ते तो सांगत नाही, आणि ते सांगणे त्याचे कामही नव्हते. कारीहून राजगडाकडे जाताना त्यांचा निश्चय आधीच झालेला होता, की तो गडाच्या पायऱ्या चढताना झाला? 1648 साली शहाजीराजांबरोबर तेही कैद झाले होते. मग 1659 चा निर्णय हा जुन्या निष्ठेचा पुढचा टप्पा होता, की त्या अकरा वर्षांत त्यांच्या मनात काही नवे उगवले होते? माणसाने मोठे पाऊल उचलले हे कागदात नोंदवता येते. त्याचे मन त्या पावलाएवढे मोठे कसे झाले, हे नोंदवण्यासाठी वेगळ्या साधनाची गरज पडते. असे एक साधन एकोणिसाव्या शतकात मराठीतही चटकन रुजले. ते म्हणजे कादंबरी. तिच्यात हे काम नेमके कसे चालते, ते इथे उलगडून पाहायचे आहे. त्यासाठी मुख्य उदाहरण घेऊ हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’मधल्या यमूचे, आणि तिच्या शेजारी ठेवू चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधला पिप.

वाढ कशाला म्हणायचे?

नीतीची वाढ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा वाईटाचा चांगला झालेला माणूस येतो. दारू सोडली, खोटे बोलणे सोडले, आईवडिलांचे ऐकू लागला. पण वागणे बदलायला मन बदलावेच लागते असे नाही. धाकाने, लाजेने किंवा फायद्यासाठीही माणूस सुधारतो. कादंबरीकार ज्या वाढीच्या मागे असतो ती याहून खोल असते. आपल्याइतकाच दुसराही माणूस आहे, त्यालाही आतून दुखते, हे आधी न दिसणारे सत्य दिसू लागणे, ही ती वाढ. पिप हा पोरका मुलगा बहिणीच्या घरी वाढतो. बहिणीचा नवरा जो हा लोहार, अडाणी आणि मायाळू. पिपला अचानक पैसा मिळतो, तो लंडनला जातो, साहेब बनतो. जो त्याला भेटायला येतो तेव्हा पिपला त्याच्या कपड्यांची, बोलण्याची, टोपी कुठे ठेवावी हे न कळण्याची लाज वाटते. पिपने इथे कोणताही गुन्हा केलेला नाही. पोलिसांत देण्यासारखे काही नाही, शाळेत छडी मिळण्यासारखेही नाही. त्याला फक्त समोरचा माणूस दिसत नाही. जो पाहुण्यासारखा अवघडून बसला आहे तो आपल्यामुळेच, एवढेही त्याच्या ध्यानात येत नाही. ही आंधळी जागा उघडेपर्यंत डिकन्सला शेकडो पाने लागतात, आणि तेवढी लागावीतच.

एका गोष्टीत दोन ‘मी’

यमू आणि पिप या दोघांच्या कादंबऱ्या प्रथमपुरुषी आहेत. ‘मी’ म्हणत गोष्ट सांगितली आहे. वरवर पाहता ही साधी सोय वाटते, पण सगळे यंत्र इथेच बसवलेले आहे. कारण त्या ‘मी’च्या आत दोन माणसे असतात. एक, ज्याच्यावर प्रसंग ओढवला ते पोर. दुसरा, ज्याने बऱ्याच वर्षांनी ते लिहायला घेतले तो प्रौढ माणूस. पोराला जे दिसले ते आणि प्रौढाला आता जे कळते ते, एकाच वाक्यात शेजारी शेजारी येतात.

याचा उपयोग काय, हे घरबसल्या करून पाहता येते. कुणाला तरी एक पेन उभे धरायला सांगा, एक डोळा मिटा आणि बाजूने हात नेऊन पेनाच्या टोकावर बोट टेकवायचा प्रयत्न करा. बोट बहुधा पुढे किंवा मागे पडते. दोन्ही डोळे उघडे ठेवले की ते नेमके टेकते. दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगळ्या ठिकाणांहून पाहतात, आणि त्या दोन चित्रांतल्या फरकातूनच आपल्याला अंतर कळते. दोन ‘मी’ वाचकाला हेच मिळवून देतात. नुसते पोर बोलले असते तर बालकथा झाली असती, नुसता प्रौढ बोलला असता तर प्रवचन झाले असते. दोघांच्या पाहण्यात जो फरक पडतो, तोच वाढीचे माप असतो. मी बदलले, मी बदलले, असे यमूला कुठे सांगत बसावे लागत नाही. ती लहानपणाचा प्रसंग सांगते, त्यातले आपले तेव्हाचे भाबडे समजणे तसेच ठेवते, आणि वाचक मधले अंतर स्वतः मोजतो.

यमू पुण्याच्या ब्राह्मण घरातली मुलगी. वडील तापट, आई सोशिक, दादा हा भाऊ जिवाभावाचा, दुर्गी ही मैत्रीण. वडिलांच्या संतापापुढे आई गप्प राहते, हे लहान यमू पाहते. पोराच्या नजरेला त्यात फक्त भीती असते: आता काय होईल, आपल्यालाही बोलणी बसतील का. लिहिणारी यमू मात्र विधवा आहे, सासर-माहेर दोन्ही पाहून चुकली आहे. त्या गप्प राहण्याला किती बळ लागत होते आणि त्यात काय काय जळत होते, हे तिला आता ठाऊक आहे. आईचे दुःख तिला आई गेल्यानंतर, स्वतःच्या अनुभवाच्या उजेडात दिसू लागते. ज्या क्षणी मुलगी आईकडे ‘माझी आई’ म्हणून पाहता पाहता ‘एक बाई’ म्हणून पाहू लागते, तो क्षण माझ्या मते मराठी कादंबरीतला फार मोठा क्षण आहे. त्याची तारीख कादंबरीत कुठेच दिलेली नाही, कारण तो एका दिवसात घडत नाही.

चौकट : दोन कादंबऱ्या, दोन साप्ताहिके
‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात डिसेंबर 1860 ते ऑगस्ट 1861 या काळात क्रमशः आली. हरिभाऊंचा जन्म 1864 चा. त्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले, आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ 1890 ते 1893 या काळात त्यातून प्रसिद्ध झाली. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द 1837 ते 1901 ही. म्हणजे दोन्ही कादंबऱ्या एकाच राणीच्या राज्यात, पण फार वेगळ्या घरांत वाचल्या गेल्या.

तोच प्रसंग पुन्हा

दुसरी युक्ती पुनरावृत्तीची. माणूस बदलला की नाही हे ताडायचे तर त्याला जुन्याच प्रसंगात पुन्हा उभे करून पाहावे लागते. पिपच्या गोष्टीची सुरुवात दलदलीतल्या दफनभूमीत होते. पळून आलेला कैदी त्याला धमकावतो, आणि पिप घरातून खायचे जिन्नस आणि कानस चोरून त्याला नेऊन देतो, निव्वळ भीतीपोटी. बऱ्याच वर्षांनी उलगडते की पिपला साहेब बनवणारा पैसा याच कैद्याचा, मॅग्विचचा होता. पिपला पहिल्यांदा येते ती किळस. पण पुढे मॅग्विच पकडला जातो, त्याच्यावर खटला उभा राहतो, तेव्हा पिप सगळ्यांदेखत त्याचा हात हातात घेऊन उभा असतो. तोच कैदी, तोच मुलगा. पहिल्या वेळी भीतीने केलेली मदत आणि या वेळी मायेने धरलेला हात, यांच्यामध्ये अख्खी कादंबरी आहे.

हरिभाऊंनी ही पुनरावृत्ती वेगळ्या पद्धतीने साधली. त्यांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या बायकांच्या आयुष्यातून यमूसमोर पुन्हा पुन्हा आणला. आधी आई, मग व्यसनी, मारकुट्या नवऱ्याच्या हाती पडलेली दुर्गी, मग सासरच्या बायका, आणि शेवटी स्वतः यमू. आईच्या वेळी ती फक्त घाबरते. दुर्गीच्या वेळी तिला दया येते, पण ते दुर्गीचे नशीब असेच तिला वाटते. तिचा नवरा रघुनाथ सुधारक विचारांचा, तिला लिहायला-वाचायला उत्तेजन देणारा. मुंबईतल्या संसारात तिला मोकळेपणा मिळतो, आणि मग दुर्गीचे नशीब हे नशीब नव्हतेच, माणसांनी केलेली गोष्ट होती, हे तिला दिसू लागते. सुख मिळाल्यावर माणसे बहुधा मागचे विसरतात. पिपही विसरलाच होता. यमूचे सुख तिची नजर उलट तीक्ष्ण करते, आणि इथे ती मला पिपच्या पुढे गेलेली वाटते.

बक्षीस काढून घेतले की

तिसरी गोष्ट सर्वांत कठोर. चांगुलपणाला लगेच फळ मिळाले, तर तो चांगुलपणा होता की हिशेब होता, हे वाचकाला कधीच कळत नाही. म्हणून चांगला कादंबरीकार फळ काढून घेतो. मॅग्विचची सारी संपत्ती सरकारजमा होते, पिपच्या हाती दमडी उरत नाही, आणि नेमके तेव्हाच त्याचे प्रेम खरे ठरते. कान्होजींच्या बाबतीत इतिहासाने वेगळा निकाल दिला: 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली खान मारला गेला, स्वराज्य टिकले. आज मागे वळून पाहताना कान्होजींचा निर्णय आपल्याला शहाणपणाचा वाटतो, कारण बाजी जिंकली. पण राजगडावर पाणी सोडताना ती जिंकली जाईल हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्या निर्णयाचे खरे वजन समजायचे तर पुढचा विजय क्षणभर मनातून पुसावा लागतो. तसे पुसणे अवघड आहे. कादंबरी ते काम आपल्यासाठी करते.

यमूच्या बाबतीत हरिभाऊंनी हे टोकाला नेले. रघुनाथ मरतो. यमू पुण्याला सासरी परत येते. केशवपनाला तिचा मनापासून विरोध असतो, आणि शंकरमामंजींच्या पुढाकाराने ते तिच्यावर जबरदस्तीने लादले जाते. इथे एक आक्षेप हमखास येतो: ही कसली वाढ? ही तर निव्वळ पराभवाची गोष्ट. यमू कुठलाही वाडा सोडून बाहेर पडत नाही, कुठलीही चळवळ उभारत नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण तो वाढ आणि विजय यांची गल्लत करतो. लहानपणची यमू असती तर तिने केशवपन हे आपले प्राक्तन म्हणून सोसले असते, कदाचित त्यात पुण्यही मानले असते. मोठी यमू सोसते, पण मानत नाही. तिच्या शरीरावर घरच्यांची सत्ता चालते. आपल्यावर अन्याय झाला, तो अमक्या माणसांनी केला आणि तो टाळता आला असता, या तिच्या निवाड्यावर ती चालत नाही. आणि ती हा निवाडा फक्त स्वतःसाठी देत नाही. आई आणि दुर्गी, दोघी तिच्या साक्षीदार म्हणून उभ्या असतात. लेखणी हातात घेऊन हे सारे लिहिणे हीच तिची कृती आहे. 1890 च्या पुण्यात एका विधवेच्या आवाक्यात असलेली ती कदाचित एकमेव कृती होती.

वाल्या कोळ्याचे काय?

आणखी एक शंका. माणसाचे मन पालटल्याच्या गोष्टी आपल्याकडे कादंबरीच्या कितीतरी आधीपासून आहेत. नारदाने एक प्रश्न विचारला आणि वाल्याचा वाल्मीकी झाला. कीर्तनात ही कथा पिढ्यानपिढ्या ऐकली गेली. मग कादंबरीने नवे काय आणले? शंका बरोबर आहे, आणि तिचे उत्तर वेळेत आहे. वाल्याच्या कथेत बदलाचा क्षण असतो, बदलाचा काळ नसतो. कुटुंब पापात वाटेकरी व्हायला तयार नाही हे कळले, डोळे उघडले, संपले. पुढची सारी वर्षे वारुळाखाली झाकली जातात. कादंबरी ते वारूळ उघडून आत पाहते. आज थोडे कळले, उद्या विसरले, परवा पुन्हा चुकले, अशी ती वाढ असते. पिप जोची माफी मागायची असे कितीदा मनात आणतो आणि टाळतो. हे टाळणेही वाढीचाच भाग आहे, कारण टोचणी लागल्याशिवाय कुणी काही टाळत नाही.

मात्र मनाचा असा सावकाश इतिहास सांगणे मराठीला परके होते असे म्हणता येणार नाही. सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लहानपण, नवऱ्याचा राग, गुरूची ओढ आणि मनातली घालमेल क्रमाने सांगितली आहे. संसार आणि भक्ती यांच्यामध्ये सापडलेली एक बाई स्वतःच्या मनाचा मागोवा घेते, हे त्यात स्पष्ट आहे. यमूची खरी पूर्वज म्हणून मी डिकन्सच्या नायकनायिकांइतकाच बहिणाबाईंकडेही निर्देश करीन. गद्याचा ऐसपैस विस्तार आणि रोजच्या घरगुती तपशिलाची मुभा, एवढे इंग्रजी कादंबरीने दिले. मूळ वृत्ती घरचीच होती.

साप्ताहिकाने त्यात आणखी एक भर घातली. ‘करमणूक’च्या वाचकांनी यमूला एका बैठकीत वाचले नाही. जवळजवळ तीन वर्षे ती त्यांच्या घरी येत राहिली. कादंबरी सुरू झाली तेव्हा दहा वर्षांची असलेली वाचक घरातली मुलगी कादंबरी संपताना सासरी गेलेली असू शकत होती. याच काळात, 1891 मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला, वय दहावरून बारावर आले, आणि त्यावरून पुण्यात केवढा गदारोळ उठला हे प्रसिद्धच आहे. ज्या प्रश्नावर सभांमध्ये मुद्दे मांडले जात होते, तोच प्रश्न एका ओळखीच्या मुलीचे रूप घेऊन माजघरात शिरत होता. पात्राची वाढ आणि वाचकाची वाढ एकाच चालीने होत होती.

प्रचार, आणि तोही पुरुषाचा?

हरिभाऊ सुधारणेच्या बाजूचे होते, म्हणून यमू ही त्यांच्या मतांची बाहुली आहे, असेही म्हटले जाऊ शकते. शिवाय बाईच्या मनातले पुरुषाला काय कळणार, हा प्रश्न आहेच. कादंबरीत उपदेशाचे पाल्हाळ आहे, हे मान्य करायला हवे. काही पानांवर यमू बोलायची थांबते आणि लेखक बोलू लागतो. तिथे कादंबरी सैल पडते. पण प्रचाराला नायिका सदैव बरोबर लागते, आणि यमू तशी नाही. ती लहानपणी अल्लड आहे, पुढे कधी भित्री, कधी हट्टी. बाईच्या मनाबद्दल म्हणायचे तर हरिभाऊ एकट्याच्या कल्पनेवर विसंबून नव्हते. मराठीतल्या पहिल्या स्त्री-कादंबरीकार मानल्या जाणाऱ्या काशीबाई कानिटकर त्यांच्या स्नेही होत्या, आणि लेखनाबद्दल त्या दोघांत पत्रव्यवहार चाले. खरी कसोटी तर पुढे लागली. 1910 साली रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आले. अकरा वर्षांची नवरी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आलेली मुलगी शिकायला बसते आणि घरातल्या बायकांची बोलणी खाते, हे रमाबाईंनी स्वतः लिहिले. त्या आठवणी वाचताना यमूचे माजघर पुन्हा पुन्हा आठवते, ही हरिभाऊंच्या खरेपणाला मिळालेली सर्वांत मोठी पावती आहे.

पुन्हा मावळात

यमूनंतर काही वर्षांनी हरिभाऊ शिवकाळाकडे वळले. ‘उषःकाल’ ही त्यांची कादंबरी 1895 ते 1897 या काळात आली. तिच्यात सुलतानगड या काल्पनिक किल्ल्याचा किल्लेदार आदिलशाहीशी इमान राखणारा आहे, आणि त्याचा मुलगा नानासाहेब स्वराज्याकडे ओढला जातो. कारी आणि उत्रौलीच्या देशमुखांपुढे जो प्रश्न होता, तोच इथे बाप-लेकांमध्ये वाटून दिला आहे. करिन्याने जे गाळले ते इथे कादंबरीकाराने भरायला घेतले. तरीही नानासाहेबाची वाढ यमूइतकी मनात रुतत नाही, असे मला वाटते. कारण वर सांगितलेल्या यंत्राचे दोन महत्त्वाचे भाग इथे नाहीत. गोष्ट ‘मी’ची नाही, त्यामुळे नजरेतले अंतर बाहेरून मोजावे लागते. आणि स्वराज्य उभे राहणार हे पहिल्या पानापासून वाचकाला ठाऊक आहे, म्हणून नानासाहेबाच्या निवडीतली जोखीम कमी होते. राजगड-तोरण्याच्या परिसरावर पुढे लिहिणाऱ्या प्रत्येक कादंबरीकाराला ही अडचण आली असणार. जिंकलेल्या लढाईतला संशय जिवंत ठेवणे फार कठीण काम आहे.

यमूच्या गोष्टीत तो संशय लेखकाला निर्माण करावा लागला नाही, कारण 1893 मध्ये तो समाजातच होता. कादंबरी पूर्ण झाली त्याच वर्षी, 11 मार्चला, पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई बालविधवा होत्या. त्यांचेही केशवपन झाले होते. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकल्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई, आणि सर्वांच्या बाया कर्वे झाल्या. यमूला जे मिळाले नाही ते, म्हणजे शिकायला एक जागा आणि बरोबर उभे राहणारी चार माणसे, त्यांना मिळाले. 1944 साली त्यांचे आत्मकथन ‘माझे पुराण’ या नावाने प्रसिद्ध झाले. तिथेही दोन ‘मी’ आहेत: कोकणातल्या घरात काही न कळता विधवा झालेली मुलगी, आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर त्या मुलीकडे पाहणारी म्हातारी. फरक एवढाच की या वेळी दोन्ही ‘मी’ एका खऱ्या बाईचे होते.